गल्लीतला दवाखाना आणि शहराचे नियम

काशीच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला दुर्गाघाट, ब्रह्माघाट, दूधविनायक अशी मोहल्ल्यांची दाट गुंफण आहे. मराठी माणसाला ही नावे परकी नाहीत. वेदाध्ययनासाठी, काशीवासासाठी, पेशव्यांच्या आणि सरदारांच्या आश्रयाने आलेली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या या गल्ल्यांत राहत आली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे मंदिर इथून जवळच आहे. इथल्या बहुतेक गल्ल्यांत मोटार शिरत नाही. दोन माणसे समोरासमोर आली की एकाला भिंतीशी अंग चोरावे लागते. अशा मोहल्ल्यात वयोवृद्ध माणसाला रात्री धाप लागली, तर पहिला प्रश्न एकच असतो: जवळचा डॉक्टर किती पावलांवर आहे?

या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्या इच्छेइतकेच शहराच्या नियमांवर अवलंबून असते. रहिवासी भागात दवाखाना चालवता येईल का, कोणत्या मजल्यावर, किती जागेत, किती रुंद रस्त्यावर, खाटा ठेवता येतील का, हे सगळे भूवापराच्या आणि बांधकामाच्या नियमांत लिहिलेले असते. हे नियम ठरतात तेव्हा सभागृहात आवाज चढतात. एका बाजूला वाहनांची गर्दी, कचरा आणि आगीच्या भीतीने धास्तावलेले रहिवासी असतात. दुसऱ्या बाजूला घराजवळ उपचार हवे असणारे तेच रहिवासी असतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच या नियमांकडे नीट पाहायला हवे.

आपल्या देशात नगररचनेचा आणि आरोग्याचा संबंध साथीतून जुळला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण दिसू लागले. हा ब्युबॉनिक प्लेग आहे हे ओळखले डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी. ते मांडवीतच व्यवसाय करत होते आणि मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. पुढे १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. प्लेग दूरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात नव्हे, तर दाट वस्तीत रोगी पाहणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेला प्रथम पडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वस्तीतला दवाखाना औषध देतोच, पण शहराला सर्वांत आधी सावधही करतो.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. दाट चाळींतून रस्ते काढणे, हवा-उजेड आणणे आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. त्यानंतर १९१५ मध्ये मुंबई प्रांताने नगररचनेचा कायदा केला. देशातला तो असा पहिला कायदा. त्याच सुमारास जगातही शहराचे विभाग पाडण्याची पद्धत रुजत होती. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये संपूर्ण शहराला लागू होणारी विभागनियमावली केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात अशा विभागणीला मान्यता दिली. घराशेजारी कातडी कमावण्याचा कारखाना किंवा धूर ओकणारी भट्टी नसावी, हा त्यामागचा साधा आणि न्याय्य विचार होता.

पण दवाखाना या विभागणीत नीट बसत नाही. तो घर नाही, दुकान नाही, कारखानाही नाही. लोक तिथे पैसे देतात, तरी तो निव्वळ व्यापार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९६८ मध्ये वेगळ्या वाटेने आला. अहमदाबादच्या एका डॉक्टरांवर जुन्या मुंबई राज्याच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली खटला भरला होता. डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना ही ‘वाणिज्यिक आस्थापना’ ठरते का, असा मुद्दा होता. न्यायालयाने नाही म्हटले. डॉक्टरचे काम त्याच्या व्यक्तिगत ज्ञानावर आणि कौशल्यावर उभे असते, व्यापारी संघटनेवर नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. तो खटला भूवापराचा नव्हता. तरीही राहत्या घरात दवाखाना, वकिलाची कचेरी किंवा वास्तुविशारदाचे कार्यालय चालू देण्यामागे अनेक शहरांच्या नियमांत हीच समजूत दिसते.

आता ‘दवाखाना’ या एकाच पाटीखाली काय काय येते ते पाहू.

पहिला प्रकार म्हणजे तपासणीची खोली. एक डॉक्टर, एक टेबल, बाहेर बाकावर बसलेले पाच-दहा रुग्ण. सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास. शेजाऱ्यांना होणारा त्रास शिकवणीच्या वर्गापेक्षा जास्त नसतो. दुसरा प्रकार म्हणजे रक्ततपासणी, क्ष-किरण, सोनोग्राफी, दंतोपचार, डोळ्यांच्या छोट्या शस्त्रक्रिया. इथे रात्री कोणी राहत नाही, पण यंत्रे येतात, वीज अधिक लागते, किरणोत्सर्गापासून संरक्षण लागते, कचरा वाढतो. सोनोग्राफीच्या बाबतीत तर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे केंद्राची त्या विशिष्ट जागेसह नोंदणी करावी लागते. तिसरा प्रकार म्हणजे खाटा असलेले नर्सिंग होम, प्रसूतिगृह, छोटे रुग्णालय. इथे रात्री माणसे झोपलेली असतात, त्यातली काही स्वतःहून उठू शकत नाहीत. प्राणवायूच्या नळ्या असतात. नातेवाइकांचा राबता असतो. रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचावीच लागते.

या तिघांना एकच नियम लावला की दोन्ही बाजूंनी चूक होते. सैल नियम ठेवला तर तीन मजली घरात वीस खाटांचे रुग्णालय उभे राहते. कडक ठेवला तर गल्लीतल्या साध्या डॉक्टरालाही पाटी उतरवावी लागते. चांगल्या नियमाने पाटीवर काय लिहिले आहे हे न पाहता जागेवर आणि शेजारावर किती भार पडतो हे मोजले पाहिजे.

महाराष्ट्राचा जुना कायदा ही रेषा खाटेपाशी ओढतो. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना दाखल करून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह, आणि नोंदणीशिवाय ते चालवता येत नाही. महापालिका क्षेत्रात ही नोंदणी पालिकेच्या आरोग्य खात्याकडे असते. केवळ बाह्यरुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना या व्याख्येत येत नाही. या कायद्याखालचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले आणि रुग्णांच्या हक्कांची सनद तसेच दरपत्रक लावण्यासारख्या गोष्टी त्यांत आल्या.

उत्तर प्रदेशाची वाट वेगळी आहे. संसदेने २०१० मध्ये केलेला क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा उत्तर प्रदेशाने स्वीकारला. महाराष्ट्राने आपला जुना कायदाच ठेवला. केंद्रीय कायद्यात खाट नसलेला दवाखाना, प्रयोगशाळा आणि निदानकेंद्रही येते. त्यामुळे पुण्याच्या सदाशिव पेठेत एखाद्या डॉक्टरने केवळ तपासणीची खोली उघडली तर शुश्रूषागृहाची नोंदणी लागत नाही. पण दूधविनायकात तसाच दवाखाना उघडणाऱ्याला जिल्ह्याच्या मुख्य चिकित्साधिकाऱ्यांकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी डॉक्टर पात्र आहे का, सोयी आहेत का, हे पाहते. ही जागा या कामासाठी वापरता येते का, हा प्रश्न मात्र नगररचनेचा. दोन खात्यांच्या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात, आणि सामान्य माणसाला त्या एकच वाटतात. तिथूनच बराचसा गोंधळ सुरू होतो.

नगररचनेच्या बाजूला मुंबईची १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली पाहण्यासारखी आहे. रहिवासी विभागात बाह्यरुग्ण दवाखान्यांना वाट होती. नर्सिंग होम आणि प्रसूतिगृह यांच्यासाठी मात्र स्वतंत्र इमारत किंवा इमारतीचा स्वतंत्र भाग अशी अपेक्षा होती. कुटुंबांचा आणि रुग्णांचा जिना एकच नसावा, हा त्यातला शहाणपणा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने बृहन्मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून महाराष्ट्रासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिच्यात रहिवासी विभागाचे दोन प्रकार आहेत, आणि कोणता भूखंड कोणत्या प्रकारात पडतो हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते.

दिल्लीने हा धडा अधिक कटू मार्गाने शिकला. रहिवासी घरांत सर्रास चालणाऱ्या व्यवसायांवर १६ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कठोर आदेश दिला आणि शहरभर कुलपे लागली. वर्षभरात, ७ फेब्रुवारी २००७ रोजी आलेल्या महायोजनेत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, मिश्र वापराचे स्वतंत्र प्रकरण होते. त्यात डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांना राहत्या घराच्या काही भागात व्यवसायाची मुभा मिळाली. नर्सिंग होम वेगळ्या वर्गात गेले आणि त्यांना रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार यांच्या अटी लागल्या. शहाजहानाबादसारख्या तटबंदीच्या जुन्या शहरासाठी रुंदीची अट नव्या वसाहतींपेक्षा कमी ठेवली गेली. जुन्या शहराला नव्या शहराची फुटपट्टी लावता येत नाही, हे त्यातून मान्य झाले.

उत्तर प्रदेशानेही जुलै २०२५ मध्ये बांधकाम उपविधी आणि विभागनियम नव्याने मंजूर केले. त्यांत डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांना राहत्या घराचा २५ टक्क्यांपर्यंतचा भाग कामासाठी वापरण्याची सोय आली. जुन्या काशीत वैद्य घराच्या ओसरीवर बसून नाडी पाहत. ती रीत आता कागदावरही मान्य होते आहे.

मग रहिवाशांची भीती खोटी आहे का? मुळीच नाही. मार्च २०२१ मध्ये मुंबईत भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये खालच्या मजल्यावर आग लागली, धूर वरच्या मजल्यावरच्या कोविड रुग्णालयात पोहोचला आणि रुग्ण प्राणाला मुकले. मॉलमध्ये रुग्णालय असावे का, हा अस्सल भूवापराचा प्रश्न. साथीच्या घाईत तो मागे पडला. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात नवजात कक्षाला आग लागली आणि त्या रात्रीही दहा बाळांचा मृत्यू झाला. भंडारा आणि झाशी इथली रुग्णालये गल्लीत नव्हती, सरकारी आवारात होती. म्हणजे रस्ता रुंद असणे पुरेसे नाही. वायरिंग, प्राणवायू, बाहेर पडायची दुसरी वाट आणि प्रशिक्षित माणसे हीच खरी सुरक्षा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार बसवलेली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. ही वर्षातून दोनदा होणारी तपासणी मनापासून झाली तर अनेक जीव वाचतील.

कचऱ्याचेही तसेच. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम खाट नसलेल्या छोट्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्त लागलेला कापूस-पट्टी आणि शरीराचे अवयव पिवळ्या पिशवीत, दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया आणि धारदार वस्तू पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. प्रक्रिया न केलेला असा कचरा साधारण ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर तो तिकडेच द्यायचा असतो. दूधविनायकासारख्या मोहल्ल्यात कचऱ्याची गाडी दारापर्यंत येणार नाही. म्हणून उचलणाऱ्याने पायी किंवा हातगाडीने यावे, ठरल्या वेळी यावे आणि नोंद ठेवावी, ही व्यवस्था नियमाने आखावी लागेल. ती नसेल तर सुया घरगुती कचऱ्यात जातात, आणि त्याची शिक्षा सफाई कामगाराच्या हातांना होते.

आता दूधविनायकाच्या गल्लीचे गणित मांडून पाहू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत सुमारे १५,००० लोकसंख्येमागे एक दवाखाना आणि त्यासाठी ०.०८ ते ०.१२ हेक्टर जागा सुचवली आहे, म्हणजे किमान ८०० चौरस मीटर. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाने २०१३ मध्ये ५०,००० लोकांमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र असे माप ठरवले. जुन्या काशीच्या या भागात ८०० चौरस मीटरचा मोकळा भूखंड मिळणे जवळपास अशक्य. शिवाय गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर कडक बंधने आहेत. तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. नदी आणि घाट जपण्यासाठी ती बंधने रास्तच आहेत. पण याचा अर्थ असा की इथे नवा दवाखाना बांधून मिळणार नाही. तो जुन्या घरातच सामावावा लागेल.

आणि रस्त्याच्या रुंदीची अट साध्या तपासणीच्या खोलीलाही लावली, तर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसाला मैदागिनच्या किंवा कबीरचौऱ्याच्या बाजूला, जिथे शिवप्रसाद गुप्त मंडलीय रुग्णालय आहे, तिथवर जावे लागेल. तरुणाला ते अंतर काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला ते पुष्कळ आहे. मग ती गोळ्या स्वतःच ठरवते, किंवा पदवी नसलेल्या माणसाकडे जाते. नियमाने योग्य डॉक्टर हटवला की त्याची जागा रिकामी राहत नाही. ती भोंदू भरून काढतो. म्हणूनच मला वाटते की तपासणीची खोली हा वस्तीचा हक्क मानून नियमांची सुरुवात व्हावी.

रुग्णाला गल्लीबाहेर न्यायच्या वाटेचाही विचार हवा. मुंबईत ऑगस्ट २०१७ मध्ये १०८ सेवेत मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या. गर्दीतून त्या प्राणवायू आणि प्राथमिक उपचार घेऊन पोहोचतात. अरुंद गल्ल्यांच्या शहरात अशी सेवा, ठिकठिकाणी ठेवलेली घडीची स्ट्रेचर आणि त्यांच्यापाशी प्रशिक्षित तरुण हे रुंद रस्त्यापेक्षा लवकर साधणारे आहे. घर पाडून गल्ली रुंद करण्यापेक्षा रुग्ण बाहेर काढण्याची वाट सुधारणे स्वस्तही पडते आणि मोहल्लाही शाबूत राहतो.

हे सगळे ठरवतो कोण? इथे वाराणसी आणि महाराष्ट्र यांत मोठा फरक आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली महापालिका स्वतः नियोजन प्राधिकरण असते. आराखड्याच्या नियमांत छोटा बदल करायचा तर कलम ३७ नुसार सर्वसाधारण सभेत ठराव होतो, सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. म्हणजे नगरसेवकांची चर्चा या प्रवासाची पहिली पायरी असते. वाराणसीत १९७३ च्या राज्य कायद्याखाली वाराणसी विकास प्राधिकरण महायोजना आणि नकाशामंजुरीचे काम पाहते, आणि विभागीय आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. नगर निगमाचे सभागृह सफाई, कर, परवाने पाहते. भूवापराचा शब्द मात्र प्राधिकरणाचा. त्यामुळे पार्षदाकडे, म्हणजे तिथल्या नगरसेवकाकडे, गेलेला रहिवासी तिथून प्राधिकरणाकडे आणि पुढे मुख्य चिकित्साधिकाऱ्यांकडे पाठवला जातो.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. नगररचना, भूवापर व बांधकामाचे नियमन आणि सार्वजनिक आरोग्य हे तिन्ही त्या यादीत आहेत. लोकांनी निवडलेल्या सभागृहाकडे हे काम असावे, ही त्यामागची दिशा. दवाखान्याचा प्रश्न या तिन्ही विषयांना एकदम स्पर्श करतो, म्हणून तो वेगवेगळ्या खात्यांत वाटून सुटत नाही.

तरीही नागरिकाच्या हाती काही आहे. महाराष्ट्रात काय किंवा उत्तर प्रदेशात काय, महायोजनेचा मसुदा पाहायला ठेवून हरकती आणि सूचना मागवणे कायद्याने बंधनकारक आहे. मुंबईच्या आराखड्याचा २०१५ चा मसुदा हजारो हरकतींमुळे मागे घेऊन नव्याने करावा लागला. हरकत लिहिणे म्हणजे फक्त नाही म्हणणे नव्हे. काय हवे आहे हे लिहिणेही तितकेच महत्त्वाचे.

दूधविनायकाच्या बाजूने अशी सूचना लिहायची झाली, तर मी पाच गोष्टी मागेन. एक, खाट नसलेल्या दवाखान्याला रस्त्याच्या रुंदीची अट नसावी. डॉक्टरची नोंदणी, कामाच्या वेळा आणि कचऱ्याचा करार एवढे पाहून परवानगी मिळावी. दोन, रात्री रुग्ण ठेवणाऱ्या जागेला स्वतंत्र जिना, दुसरी वाट आणि वर्षातून दोनदा अग्नितपासणी सक्तीची असावी, आणि जिथे स्ट्रेचर वळत नाही तिथे खाटांना परवानगीच नसावी. तीन, यंत्रे असलेल्या निदानकेंद्रांना मैदागिन, विश्वेश्वरगंज अशा मोठ्या रस्त्यांलगत जागा राखून ठेवावी. चार, जुन्या घराचा तळमजला सरकारी दवाखान्याला भाड्याने देणाऱ्या मालकाला घरपट्टीत सवलत मिळावी; मोठ्या भूखंडाची वाट पाहत बसू नये. पाच, प्राधिकरण, नगर निगम आणि मुख्य चिकित्साधिकारी यांच्यासाठी एकच अर्ज आणि एकच खिडकी असावी, आणि निर्णय किती दिवसांत होईल हे त्या अर्जावरच छापलेले असावे.

यातली कोणतीही मागणी काशीपुरती नाही. पुण्याच्या पेठा, नाशिकची पंचवटी, कोल्हापूरची शिवाजी पेठ, मुंबईतल्या गिरगावच्या वाड्या या सगळ्या ठिकाणी हाच प्रश्न आहे. शहर वाढते तसे मोठी रुग्णालये महामार्गालगत जातात, कारण तिथे जागा मिळते. जुन्या वस्तीत उरतात ती वयस्क माणसे, आणि त्यांनाच डॉक्टरची गरज सर्वांत जास्त असते. तुमच्या शहराचा पुढचा मसुदा जाहीर होईल तेव्हा त्यातले दवाखान्यांचे प्रकरण जरूर वाचा, आणि आपल्या गल्लीत चालत जाऊन डॉक्टर भेटेल की नाही याचे उत्तर त्यात नसेल, तर मुदतीच्या आत लेखी सूचना द्या.